स्वयंपाकघरातले रसायन – लेखांक ११ : उरलेल्या लेमन सोड्याचा हिशेब

मागील लेखांकात खायचा सोडा आणि आंबट ताक यांच्या संयोगातून ढोकळ्याला जाळी कशी पडते, याचे विवेचन झाले. त्याच विषयाची पुढची पायरी म्हणजे बाटलीतील लेमन सोडा. वाढदिवस किंवा गणपतीतील पाहुण्यांची वर्दळ आटोपली की पुण्यातील अनेक घरांत दोन लिटरच्या बाटलीच्या तळाशी पेला-दोन पेले लेमन सोडा उरतो, दुसऱ्या दिवशी त्यातला गॅस उडालेला असतो, आणि प्यायला बेचव म्हणून तो मोरीत ओतला जातो. हा सोडा केकमध्ये घातल्यास केक फुगतो, भज्यांत घातल्यास भजी कुरकुरीत होतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिच्यात तथ्य किती आणि ते नेमके कशात आहे, हे पाहण्यासाठी बाटलीत मुळात काय असते आणि उरते तेव्हा काय शिल्लक राहते, याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

वायू कोंडण्याची धडपड

पाण्यात कार्बन डायऑक्साइड हा वायू कृत्रिमरीत्या विरघळवण्याचे श्रेय जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा हा प्रयोग १७६७ सालचा आहे. १७८३ मध्ये योहान याकोब श्वेप याने जिनिव्हात अशा पाण्याचा व्यवसाय उभा केला. पुढची अडचण वायू बाटलीत टिकवण्याची होती. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये गोळीच्या बाटलीचे पेटंट घेतले आणि ती अडचण सोडवली. या बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी असते आणि आतील वायूचा दाबच तिला रबरी कड्यावर घट्ट बसवून ठेवतो. अंगठ्याने गोळी खाली ढकलली की फस्स आवाज होतो, दाब सुटतो आणि वायू निसटू लागतो. लष्करी छावणी असलेल्या पुण्याच्या कॅम्पात हे पेय लवकर रुजले. आर्देशीर या इराणी कुटुंबाचा सोड्याचा कारखाना तेथे १८८४ साली सुरू झाला, आणि लेमन, जिंजर, रासबेरी ही नावे पुणेकरांच्या तीन-चार पिढ्यांच्या ओठांवर आहेत. अमेरिकेत सेंट लुइसच्या चार्ल्स ग्रिग याने १९२९ मध्ये जे पेय बाजारात आणले, ते पुढे सेव्हन-अप म्हणून प्रसिद्ध झाले. भारतात पार्लेने १९७१ साली लिम्का आणले. या दीडशे-दोनशे वर्षांच्या खटाटोपाचा मुख्य उद्देश वायू कोंडून ठेवणे हा होता, आणि उरलेल्या बाटलीतून नेमका तोच सर्वांत आधी निघून जातो.

काय जाते, काय राहते

लेमन सोड्यात पाण्याखेरीज चार महत्त्वाचे घटक असतात : कार्बन डायऑक्साइड, साखर, सायट्रिक आम्ल म्हणजे बोलीभाषेतील लिंबूसत्त्व, आणि लिंबाच्या सालीतील सुगंधी तेल. कारखान्यात भरताना एक लिटर पेयात सुमारे चार लिटर वायू दाबाने कोंबलेला असतो. झाकण उघडताच दाब उतरतो, आणि वायू किती वेगाने जाणार हे बरेचसे तापमानावर ठरते. साध्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाणी शून्य अंश सेल्सियसला सुमारे १.७ लिटर वायू धरू शकते, तर २५ अंशांना जेमतेम पाऊण लिटर. त्यामुळे वैशाखात ओट्यावर राहिलेली बाटली काही तासांत बसते, तर फ्रिजमध्ये घट्ट झाकण लावलेली बाटली एखादा दिवस तग धरते. सुगंधी तेलही बाष्पनशील, म्हणजे सहज उडून जाणारे असते. साखर आणि आम्ल मात्र कोठेही जात नाहीत. बहुतेक गोड लेमन सोड्यांत १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते (नेमका आकडा बाटलीवर छापलेला असतो), आणि सायट्रिक आम्ल लिटरमागे साधारण एक ते दोन ग्रॅम. तात्पर्य, उरलेला लेमन सोडा म्हणजे लिंबाचा किंचित वास असलेले सौम्य आंबट साखरपाणी होय, आणि त्याचा उपयोगही त्याच दृष्टीने ठरवावा लागतो.

केक कशाने फुगतो

अमेरिकेच्या दक्षिण भागात सेव्हन-अप घालून केला जाणारा पाउंड केक घरोघरी प्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या कृतीत बेकिंग पावडर नसते, त्यामुळे तो पेयातील बुडबुड्यांनी फुगतो, असा समज सहज होतो. वस्तुतः लोणी आणि साखर बराच वेळ फेटताना मिश्रणात हवेचे सूक्ष्म कण अडकतात, पाच अंडी त्यांना आधार देतात, आणि भट्टीच्या उष्णतेने ती हवा व पाण्याची वाफ प्रसरण पावून केक वर येतो. त्यात पडणारे पाऊण कप पेय ढवळताना आपला बहुतेक वायू गमावून बसते. त्यातील अठरा-वीस ग्रॅम साखर कृतीतील सुमारे ६०० ग्रॅम साखरेपुढे नगण्य असते. पेयाचे खरे काम मिश्रण सैल करणे आणि किंचित आंबटपणा देणे एवढेच असते, आणि ते काम गॅस उडालेला सोडाही तितकेच चोख करतो.

महाराष्ट्रातील अनेक घरांत केक बिनअंड्याचा होतो, आणि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यापासून केल्या जाणाऱ्या प्रकारात सोडावॉटर किंवा लेमन सोडा घालण्याची पद्धत रूढ आहे. येथे फेटलेल्या अंड्यांचा आधार नसल्यामुळे फुगण्याची जबाबदारी खायच्या सोड्यावर, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटवर येते. हा क्षार आम्लाशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम सोडा पुरेशा आम्लाबरोबर जवळजवळ १.४ लिटर वायू देतो. २०० मिलिलिटर लेमन सोड्यात मात्र अंदाजे ०.३ ग्रॅम सायट्रिक आम्ल असते आणि ते फार तर ०.४ ग्रॅम खायच्या सोड्याला पुरते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर पेलाभर लेमन सोड्यातील आंबटपणा लिंबाच्या एका चहाच्या चमचाभर रसाइतकाच असतो. आम्लाअभावी उरलेला खायचा सोडा उष्णतेने विघटित होताना निम्माच वायू देतो आणि मागे धुण्याच्या सोड्याचा अंश ठेवतो. केकवरील पिवळे डाग आणि साबणासारखी चव यांचे मूळ त्यातच असते. म्हणून लेमन सोड्याच्या भरवशावर खायचा सोडा वाढवू नये. कृतीतील दही, लिंबाचा रस किंवा बेकिंग पावडर, जिच्यात आम्ल आधीच मोजून मिसळलेले असते, ती कायम ठेवावी आणि लेमन सोडा फक्त पाण्याच्या जागी वापरून त्याच्या हिशेबाने साखर कमी करावी.

शंकरपाळी आणि पाक

गॅस उडालेल्या लेमन सोड्याचे सर्वांत योग्य स्थान शंकरपाळ्यांत आहे. त्यांच्या प्रचलित कृतीत एक वाटी पाणी किंवा दूध, एक वाटी साखर आणि एक वाटी तूप एकत्र उकळून निवल्यावर त्यात मावेल तितका मैदा भिजवतात. पाण्याऐवजी वाटीभर, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर लेमन सोडा घेतल्यास त्याबरोबर १५ ग्रॅम साखर येते, म्हणून वाटीतील साखरेतून चहाचे तीन चमचे कमी करावेत. दुधात मात्र तो उकळू नये, कारण आम्ल आणि उष्णता एकत्र आल्यावर दुधातील केसिन हे प्रथिन गोठून दूध फाटते. थंडगार दूध या सौम्य आम्लाला बराच वेळ तोंड देते, म्हणूनच पंजाबात दूध-सोडा हे पेय बर्फाळ गार करून घेतात.

दुसरा उपयोग पाकाचा. सहाशे मिलिलिटर लेमन सोडा पसरट पातेल्यात मंद आचेवर आटवून शंभर मिलिलिटरपर्यंत आणला, तर सुमारे ६० ग्रॅम साखरेचा सुरेख आंबटगोड पाक मिळतो. गुलाबजामाच्या पाकात हलवाई लिंबाचे थेंब पिळतात, त्यामागचे शास्त्र येथे आपोआप साधते : आम्ल आणि उष्णता यांच्या योगाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विभागला जातो, तिन्ही शर्करांचे मिश्रण सहजासहजी स्फटिकरूप धरत नाही आणि पाक खडीसाखरेसारखा जमत नाही. आटवताना सुगंध जवळजवळ पूर्ण उडतो, म्हणून पातेले उतरवल्यावर कागदी लिंबाची हिरवी साल, पांढरा कडू भाग न येऊ देता, हलकेच किसून टाकावी. रव्याच्या केकला काडीने टोचे मारून तो गरम असतानाच हा पाक वरून सोडला, तर केक दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

भजी आणि मर्यादा

भज्यांच्या बाबतीत वायूला खरोखर काम असते, कारण पीठ भिजवल्याबरोबर तेलात सोडले तर त्यातील बुडबुडे फुगून आवरण सच्छिद्र होते. परंतु त्यासाठी नुकतीच उघडलेली, थंड बाटली लागते, आणि ती साध्या सोडावॉटरची असणे उत्तम. वाटीभर, म्हणजे शंभरेक ग्रॅम बेसनात शंभर मिलिलिटर लेमन सोडा घातला की पिठात दहा ग्रॅम साखर जाते, आणि बटाट्याचा काप आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होऊ लागतो. घोसाळ्याच्या पातळ कापांना किंवा ओव्याच्या पानांना तळायला कमी वेळ लागतो, त्यामुळे त्यांच्या पिठात निम्मे पाणी आणि निम्मा लेमन सोडा चालू शकतो. खेकडा भज्यांत त्याला मुळीच वाव नाही, कारण मीठ लावलेल्या कांद्याला सुटणाऱ्या पाण्यातच तेथे बेसन भिजते.

काही बाटल्या मात्र वेगळ्या काढाव्यात. कृत्रिम गोडी असलेल्या डाएट पेयांत साखरच नसल्याने पाक होत नाही, आणि त्यांतील अस्पार्टेम उष्णतेने गोडी गमावते. काळे मीठ आणि जिरे घातलेला मसाला सोडा केकमध्ये नव्हे, तर पाणीपुरीच्या पाण्यात खपतो. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक यीस्टची वाढ मंदावू शकते, म्हणून पावाच्या कणकेत असे पेय घालू नये. तोंड लावलेली बाटली तर कोणत्याच पदार्थासाठी साठवू नये.

मराठी स्वयंपाकघराला उरलेल्याचे शास्त्र नवे नाही. शिळ्या भाताला फोडणी घालणारी गृहिणी त्याला पुन्हा ताजा भात करू पाहत नाही. त्याचे दाणे मोकळे आणि कोरडे झाले आहेत, हे ओळखूनच ती कढई तापवते. लेमन सोड्याची बाटली उघडून एक घोट चमच्यात घ्यावा : जिभेला चुरचुर जाणवली तर भजी, नुसती आंबटगोड चव लागली तर शंकरपाळी किंवा पाक. पुढील लेखांकात साखरेच्या पाकाच्या तारा आणि त्यांमागील तापमान यांचा विचार केला जाईल.