मांजर नखरे करतं की दुखणं सांगतं?

सोनगीरच्या आमच्या वस्तीत मी दर रविवारी रक्तदाब तपासायला बसते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. गोळ्या नियमित चालू, जेवणात मीठ कमी, तरी रक्तदाब वरच. विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टर, माले झोपनी गोळी द्या. हाई मनी रातभर झोपू देत नही."

आजींचा मुलगा सुरतेला कामाला. घरात आजी आणि त्यांची मांजर मनी, दोघीच. पहाटे तीन वाजले की मनी ओरडायला लागते. आजी उठल्या नाहीत तर पायाला हळूच चावते. तरीही उठल्या नाहीत तर फळीवर चढून पितळेचा तांब्या खाली ढकलते. तांब्या पडल्यावर काय आवाज होतो, ते सोनगीरच्या माणसाला सांगायला नको. मग आजी उठायच्या, मनीला शिव्या द्यायच्या आणि वाटीभर दूध ओतून पुन्हा आडव्या व्हायच्या.

झोप अशी रोज मोडली तर रक्तदाब आटोक्यात राहत नाही. पण झोपेची गोळी हा त्यावरचा उपाय नव्हता. म्हातारपणी ती गोळी घेतली आणि रात्री उठावं लागलं, तर तोल जाऊन पडण्याची भीती असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती घेऊच नये. मी आजींना आधी मनीबद्दल विचारलं.

आधी दुखणं तपासा

याला एक कारण आहे. मी वॉर्डात काम करत होते तेव्हा एक बाई रात्रभर हाका मारायची. "लक्ष वेधून घ्यायला करते," असं आम्ही आपसात म्हणायचो. मीही म्हणायचे. पहाटे तिच्या ओटीपोटाला हात लावला तर मूत्राशय दगडासारखं टणक लागलं. लघवी अडली होती. नळी घातली तेव्हा ती गप्प झोपली. बाई वस्तीतली होती, अंगावर फाटकं लुगडं होतं. तिच्या हाकेला नाटक म्हणणं आम्हाला सोपं गेलं. तेव्हापासून कोणी "नाटक करतंय" म्हटलं की मी आधी दुखणं शोधते. माणूस असो की मुकं जनावर.

मांजराची वागणूक अचानक बदलली असेल, तर पुढच्या गोष्टी बघा:

• बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, थेंबच येतात किंवा काहीच येत नाही, ओरडतो, मागची जागा चाटत राहतो. त्याची लघवी अडलेली असू शकते. असा बोका एकदोन दिवसांत दगावतो. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या.
• पाच-सहा महिन्यांपुढची मांजरी मोठ्याने रडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग वर उचलते. हा आजार नाही, ती माजावर आली आहे. पिल्लं नको असतील तर नसबंदीबद्दल पशुवैद्यकांना विचारा.
• खा-खा करते तरी वाळत चालली आहे. पोटात जंत असू शकतात. म्हाताऱ्या मांजरात आतला आजारही असू शकतो.
• खाणं सोडलं, कोपऱ्यात लपून बसली, हात लावला की गुरगुरते. कुठेतरी दुखत असणार.

घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. माणसाला चालणारी ही गोळी मांजराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारणा करता येते.

सवय कशी लागते

मनी नीट खात होती, लघवी साफ होती, अंगाने भरलेली होती. म्हणजे दुखणं नव्हतं. सवय होती, आणि ती आजींनीच लावली होती.

पिल्लू आईला बोलावण्यासाठी म्याव करतं. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. त्यांचं बरंचसं बोलणं वासावर, शेपटीवर आणि कानांवर चालतं. माणसाला ते कळत नाही, आवाज मात्र कळतो. म्हणून मांजर आपल्यासाठी म्याव राखून ठेवतं.

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या संशोधकाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, तेच हे विद्यापीठ. थॉर्नडाइक भुकेल्या मांजराला लाकडी पेटीत ठेवायचा आणि खाणं बाहेर. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं. पहिल्यांदा मांजर नुसतं धडपडायचं आणि चुकून दार उघडायचं. पुढे दर खेपेला वेळ कमी लागायचा. जे केल्याने फळ मिळालं ते पुन्हा करायचं, एवढं मांजर पक्कं शिकतं.

आजींच्या घरी तांब्या हाच खटका होता. तो पाडला की दूध मिळतं, हे मनी शिकली होती. त्यात हट्ट किंवा खोडी काही नाही. आजींच्या शिव्यासुद्धा तिला चालत. दिवसभर एकट्या असलेल्या जिवाला कुणी उठून आपल्याकडे बघितलं, हेही फळच.

सवय कशी सोडवायची

मांजर मुळात पहाटे आणि संध्याकाळी शिकार करणारं जनावर आहे. दुपारी झोपतं आणि आपण झोपलो की जागं होतं. म्हणून संध्याकाळपासूनच सुरुवात करायची.

१. झोपण्याआधी दहा मिनिटं खेळवा. दोरीला चिंधी बांधून ओढली तरी पुरे.
२. खेळ झाला की लगेच पोटभर खायला द्या. उकडलेलं अंडं, मासळीचा तुकडा, धुऊन खारटपणा काढलेले बोंबील चालतात. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण देऊ नका.
३. पाण्याची वाटी भरून ठेवा आणि पाडण्यासारखी भांडी आधीच खाली काढा.
४. रात्री ओरडली तर उठू नका, बोलू नका, रागावू नका. मारू तर अजिबात नका. मार खाल्लेलं मांजर घाबरून चावतं.
५. गप्प बसली असेल तेव्हा आपण होऊन जवळ घ्या.
६. हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा.

पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. तिथेच माणसं हार मानतात. आजींनीही चौथ्या रात्री उठून दूध दिलं. म्हणजे चार रात्री ओरडलं की दूध मिळतं, हे मनी शिकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

चावलं, ओरबाडलं तर

रेबीज कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो. मायाळू मांजर एकाएकी अंगावर धावून येऊ लागलं, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर त्याला हात लावू नका. चावा असो की ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मोफत मिळते. पहिल्या सुईनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. एकही सुई चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रुग्ण वाचत नाही. मुलं मार बसेल म्हणून ओरखडे लपवतात. मांजराने ओरबाडलं की लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवा.

आजींना तीन आठवडे लागले. आता संध्याकाळी त्या ओट्यावर बसून चिंधी ओढतात आणि गल्लीतली पोरं मनीभोवती जमतात. रक्तदाब थोडा उतरला आहे, गोळ्या चालूच आहेत. मागच्या रविवारी म्हणाल्या, मनी पहाटे एकदा हाक मारते, मग पायाशी येऊन झोपते.