एका शैलीपत्रकावर उभे राहणारे संकेतस्थळ

संकेतस्थळाच्या पानावर मजकूर कोणता, हे एचटीएमएल सांगते. तो कसा दिसावा, हे सीएसएस म्हणजे शैलीपत्रक ठरविते. या शैलीपत्रकाची कल्पना हाकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि १९९६ च्या अखेरीस तिला मानकाचा दर्जा मिळाला. पुढे तयार शैलीसंच आले. अनेक प्रकल्पांत मूळ फाइलींवर साधनांकरवी प्रक्रिया करून अंतिम शैलीपत्रक तयार करण्याची प्रथा रूढ झाली. या जुळणीमुळे मोठ्या प्रकल्पांची सोय होते, यात शंका नाही.

परंतु ग्रामसभेची सूचना किंवा शाळेचे वेळापत्रक देणाऱ्या चार पानांना हा व्याप कशासाठी? पाने तयार करून देणारा निघून जातो, दोन वर्षांत साधनांच्या आवृत्त्या बदलतात आणि एक रंग बदलायचा म्हटले तरी जुळणीच अडून बसते. पान कार्यालयाचे असते, पण कार्यालयातील कोणालाही ते बदलता येत नाही.

यास्तव पिको सीएसएससारखे हलके शैलीसंच उपयुक्त ठरतात. पिकोची तयार फाइल पानाशेजारी ठेवावी आणि पानाच्या शिरोभागात 'लिंक' या खुणेची एक ओळ लिहावी, जुळणी नाही. मथळा मथळ्याच्या, तक्ता तक्त्याच्या खुणेत लिहिलेला असला, की त्यांना नेटके रूप आपोआप येते. मथळा म्हणून केवळ ठळक अक्षरे वापरणाऱ्यास मात्र हा लाभ मिळणार नाही. रंग बदलावयाचे असल्यास मूळ फाइलीला हात लावू नये. दुसरी छोटी फाइल तिच्यानंतर जोडून तीत रंगांच्या चलांना नवी मूल्ये द्यावीत. ब्राउझर ती थेट वाचतो.

शैलीसंच दूरच्या सर्व्हरवरून न मागविता त्याची प्रत स्वतःजवळ ठेवणे इष्ट, म्हणजे तो सर्व्हर बंद पडला तरी पान विस्कटत नाही. प्रतीच्या आवृत्तीचा क्रमांकही नोंदवून ठेवावा. मराठी पानांबाबत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पानाची भाषा मराठी असल्याचे खुणेत नमूद केल्यास दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांना योग्य उच्चार निवडता येतात. वेलांट्या व उकार एकमेकांना भिडत असतील, तर ओळींतील अंतर वाढवावे. लाभार्थ्यांच्या यादीसारखा रुंद तक्ता मोबाइलच्या पडद्याबाहेर जातो. तो आडव्या सरकणाऱ्या चौकटीत बसवावा लागतो.