शाळेचा कारभार कोण पाहतो?

मुंबईच्या नकाशात वायव्य कोपऱ्याकडे पाहिले, तर खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये मनोरी हे गाव दिसते. गाव कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचे. मालाडहून मार्व्यास यावे, धक्क्यावर फेरीबोटीत बसावे आणि खाडी ओलांडून मनोरीस उतरावे, ही येथील नेहमीची वाट. होडीत बसावयाचे नसेल, तर भाईंदर व उत्तन यांवरून लांबचा वळसा घालून यावे लागते. असे हे गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. महानगरपालिकेचे मुख्यालय मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर 1893 साली पुऱ्या झालेल्या दगडी इमारतीत आहे. मनोरीहून तेथे जावयाचे म्हणजे माणसाची सकाळ खर्ची पडते.

आता असे समजा, की मनोरीसारख्या गावी महानगरपालिकेची एक शाळा आहे आणि आषाढात तिच्या एका वर्गाचे छप्पर गळू लागले आहे. मुलांनी बाके एका बाजूस ओढली. फळ्यावरून पाण्याचे ओघळ वाहत आहेत. हे छप्पर दुरुस्त करणे कोणाचे काम? मुख्याध्यापकांचे म्हणावे, तर त्यांच्या हाती तेवढा पैसा नाही. सरकारचे म्हणावे, तर सरकार म्हणजे नेमके कोण?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या कायद्यात आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 साली झाला. त्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आजही मुख्यालयासमोर उभा आहे. या अधिनियमाच्या 61 व्या कलमात महानगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत. रस्ते झाडणे, गटारे बांधणे, दिवे लावणे यांच्याच रांगेत प्राथमिक शाळा चालविणे, त्यांना साहाय्य देणे आणि त्यांच्यासाठी योग्य जागा पुरविणे हेही कर्तव्य सांगितले आहे. आवश्यक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उद्यानात कारंजे उभारावे की नाही, हे महानगरपालिकेच्या इच्छेवर आहे. प्राथमिक शाळा चालवावी की नाही, हे तिच्या इच्छेवर नाही. गळके छप्पर ही म्हणून तिचीच जबाबदारी ठरते.

तरीही शाळा असणे आणि प्रत्येक मूल शाळेत येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. पण बीज रुजले होते. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी आणि 1920 साली खुद्द मुंबई शहरासाठी तसा कायदा झाला. त्याप्रमाणे 1925 साली शहराच्या एफ आणि जी या दोन विभागांत प्रथम सक्ती लागू झाली. दादर, परळ, वरळी हा गिरण्यांचा मुलूख यांतच येतो. मनोरीला या साऱ्याचा लाभ तेव्हा मिळाला नाही, कारण ती त्या वेळी मुंबईत नव्हती. शहराची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली ती 1957 साली, आणि तेव्हा या बाजूची खेडी महानगरपालिकेकडे आली. हद्दीची ही रेघ फार बोलकी आहे. मनोरी व गोराई ज्या भूभागावर आहेत, त्याच भूभागावर उत्तनही आहे. वारा एक, मासळी एक, बोलीही बरीचशी एक. पण उत्तन मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. तेथील नगरपालिकेच्या शाळेचे छप्पर गळले, तर कागद अगदी निराळ्या कचेरीत जातो.

तो कागद कोणत्या वाटेने जातो, ते आता पाहू. मुख्याध्यापक प्रथम विभाग निरीक्षकांस कळवितात. थोड्याथोड्या शाळांचा एक गट अशा एकेका निरीक्षकाकडे सोपविलेला असतो. त्यांच्यावर प्रशासकीय अधिकारी (शाळा), त्यांच्यावर उपशिक्षणाधिकारी आणि या सर्वांवर शिक्षणाधिकारी असतात. शिक्षणाधिकारी उपायुक्तांना, उपायुक्त अतिरिक्त आयुक्तांना आणि ते महापालिका आयुक्तांना जबाबदार असतात. इमारतींच्या बांधणी-दुरुस्तीसाठी शाळा पायाभूत सुविधा कक्ष हे अभियंत्यांचे खाते निराळे आहे. ही झाली पगारी अधिकाऱ्यांची शिडी. ती लांब आहे खरी, आणि पावसाचे पाणी तिच्यापेक्षा पुष्कळ वेगाने खाली येते.

या शिडीच्या शेजारी दुसरी एक व्यवस्था उभी आहे. मुंबईचे नागरिक मते देऊन 227 नगरसेवक निवडतात. त्यांच्या सभेतून अनेक समित्या निर्माण होतात. शाळांचा कारभार पाहते ती शिक्षण समिती. तिचे बहुतेक सभासद नगरसेवक असतात, काही जागा बाहेरील जाणत्या मंडळींसाठी ठेवलेल्या आहेत. अधिकारी काम करतात. समिती त्यांना प्रश्न विचारते, प्रस्ताव मंजूर करते किंवा परत पाठविते. शिक्षणाचे अंदाजपत्रकही दरवर्षी स्वतंत्र मांडले जाते. 2025–26 या वर्षी ते सुमारे 3,955 कोटी रुपयांचे होते. शिक्षकांचे वेतन, इमारती, गणवेश, वह्या, दप्तरे असा सारा खर्च त्यात येतो. पैशाचा मोठा भाग नागरिकांच्या करांतून उभा राहतो आणि राज्य सरकारही अनुदान देते. मनोरीतील कोळीणही कर भरते आणि मलबार हिलवरील व्यापारीही भरतो. कोणाच्या पैशाने कोणाच्या मुलाचे दप्तर आले, हे सांगता यावयाचे नाही.

या शाळांतून मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शिक्षण दिले जाते. म्हणजे आठ भाषांचे शिक्षक नेमावयाचे आणि आठ भाषांची पुस्तके वेळेवर पोहोचवावयाची. एका शहराच्या शाळाखात्यावर एवढा भार क्वचितच पडत असेल.

मात्र मुलांनी काय शिकावे, हे महानगरपालिका ठरवीत नाही. तो अधिकार राज्याकडे आहे. राज्य मंडळाच्या शाळांची पाठ्यपुस्तके पुणे येथील पाठ्यपुस्तक मंडळ तयार करते. 27 जानेवारी 1967 रोजी स्थापन झालेली ही संस्था म्हणजेच तुमच्या परिचयाची ‘बालभारती’ होय. दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेते. खाजगी माध्यमिक शाळांवर देखरेख ठेवणारे शिक्षण निरीक्षकही राज्य सरकारचेच अधिकारी असतात.

निवडलेली समिती नसली, तर काय होते? मुंबईने हे पाहिले आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबली. आयुक्तच प्रशासक झाले. शाळा बंद पडल्या नाहीत. वेतन झाले, पुस्तके आली. पण शिक्षणाचे अंदाजपत्रक अधिकाऱ्यांनी मांडावयाचे आणि अधिकाऱ्यांनीच मंजूर करावयाचे, असे होऊन बसले. खाडीपलीकडच्या पालकाला आपली तक्रार ज्याच्याकडून सभेत मांडून घ्यावी, असा नगरसेवकच उरला नव्हता. पुढील मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले; मध्ये जवळजवळ चार वर्षे गेली.

पालकाचे एक आसन मात्र त्या काळातही शाबूत होते, आणि ते त्याच्या गावातच होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम 2009 साली संसदेने केला. 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे प्रत्येक सरकारी, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. याच अधिनियमाखाली केंद्राने केलेल्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. जेथे वाट पुराची वा धोक्याची असेल, तेथे हे अंतर आणखी कमी करावे, असेही त्यांत सांगितले आहे. पावसाळ्यात उधाणलेली खाडी ज्यांनी होडीतून ओलांडली आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

गळक्या छपराची नोंद या समितीच्या आराखड्यात झाली, की ती केवळ मुख्याध्यापकांची विनंती राहत नाही. पालकांच्या सह्यांनिशी ती कचेरीत दाखल होते, आणि पुढील वर्षी आराखडा पुन्हा उघडला, की त्या कामाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार त्याच पालकांना असतो.