टँकरचे वय

तेलवाहू जहाज फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण अशी जुनी जहाजे कायद्याने कशी हटवली, हे फारसे कुणी सांगत नाही. तेच मी आज सांगणार आहे.

पूर्वीच्या टँकरना एकच कवच असे. पत्रा फाटला की तेल थेट समुद्रात. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ खडकावर चढले आणि सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मोठ्या नव्या टँकरना दुहेरी कवच वा तितकीच सुरक्षित रचना सक्तीची केली. जुन्यांना वयानुसार मुदत दिली. २००२ मध्ये स्पेनजवळ ‘प्रेस्टिज’ बुडाले, तेव्हा ही मुदत बहुतेकांसाठी २०१० पर्यंत अलीकडे आणली गेली.

मग काही मालकांनी टँकर मोडीत न काढता खनिजवाहू करून घेतले. तेल नाही, म्हणून ती सक्तीही नाही! १९९३ साली बांधलेले ‘स्टेलर डेझी’ त्यांपैकीच. २०१७ मध्ये ब्राझीलहून चीनला लोहखनिज नेताना ते दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले. जहाजावरच्या २४ जणांपैकी दोघेच वाचले.

नियमाने किनारे वाचवले, हे खरे. पण जहाजाचे काम बदलले तरी त्याच्या पोलादाचे वय बदलत नाही. खलाशांच्या जिवासाठी तपासनिसांनी आधी ते वय पाहावे, असे मला वाटते.