मुंबईतील व्यापारी स्थावर मालमत्ता गुंतवणूक

मुंबईतील व्यापारी स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणजे मुंबई व तिच्या महानगर प्रदेशातील कार्यालये, दुकानांचे गाळे, मॉल, गोदामे इत्यादी मिळकतींमध्ये भाड्याच्या उत्पन्नासाठी किंवा मूल्यवाढीसाठी केलेली गुंतवणूक होय. निवासी घराची खरेदी बहुधा कुटुंबाच्या गरजेतून होते. व्यापारी जागेची मागणी मात्र उद्योगधंद्यांच्या भरभराटीवर अवलंबून असते. त्यामुळे आर्थिक वृद्धी, व्याजदर, महागाई, रोजगार आणि शासकीय धोरण यांतील बदलांचा या गुंतवणुकीवर थेट परिणाम होतो.

मूल्यनिर्धारण

व्यापारी मिळकतीचे मूल्य मुख्यतः दोन बाबींवरून ठरते : तिच्यापासून मिळणारे निव्वळ वार्षिक भाडे आणि त्या भाड्यावर गुंतवणूकदारांना अपेक्षित असलेला परतावा. एखाद्या कार्यालयाचे निव्वळ वार्षिक भाडे ८० लाख रुपये आणि अपेक्षित परतावा ८ टक्के असल्यास त्याचे मूल्य १० कोटी रुपये होते. भाडे तेवढेच राहून अपेक्षित परतावा १० टक्क्यांवर गेल्यास मूल्य ८ कोटींवर येते. भाडेकरू नियमित भाडे देत असतानाही मिळकतीची किंमत घटू शकते, ती यामुळे. हीच मिळकत ६ कोटी रुपयांचे कर्ज काढून घेतलेली असल्यास मालकाचा स्वतःचा हिस्सा ४ कोटींवरून २ कोटींवर, म्हणजे निम्म्यावर येतो.

आर्थिक घटकांचे परिणाम

व्याजदर : भारतीय रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढविल्यास कर्ज महागते. त्याचबरोबर मुदत ठेवी व सरकारी रोख्यांवरील परतावा वाढत असल्याने गुंतवणूकदार मिळकतीपासूनही अधिक परताव्याची अपेक्षा धरतात. दर घटल्यास याच्या उलट परिणाम संभवतो.

रोजगार व आर्थिक वृद्धी : बँका, वित्तसंस्था, माहिती तंत्रज्ञान आणि सेवा कंपन्यांची नोकरभरती वाढली की कार्यालयीन जागेची मागणी वाढते. मंदीच्या काळात कंपन्या प्रथम विस्तार थांबवितात आणि करार संपताच जागा कमी करतात. करारातील किमान बंधनकारक मुदतीमुळे मंदीचा परिणाम भाड्याच्या उत्पन्नावर काहीसा उशिराने दिसतो.

महागाई : कार्यालयांच्या भाडेकरारांत दर तीन वर्षांनी सुमारे १५ टक्के वाढीची अट सर्रास आढळते. ही वाढ वर्षाला ५ टक्क्यांहून थोडी कमी भरते. महागाई त्याहून अधिक राहिल्यास भाड्याचे वास्तव मूल्य घटते.

पुरवठा : जमीन, परवानग्या व बांधकाम यांत अनेक वर्षे जात असल्याने तेजीत सुरू झालेली इमारत मंदीत पूर्ण होण्याचा संभव असतो. अशा वेळी मागणी घटत असतानाच पुरवठा वाढतो आणि भाडी अधिक घसरतात.

इतिहास

समुद्रात भराव घालून विकसित केलेला नरिमन पॉइंट १९७० च्या दशकापासून शहराचे प्रमुख कार्यालयीन केंद्र बनला. भाडे नियंत्रण कायदा व नागरी जमीन कमाल धारणा कायदा (१९७६) यांमुळे नव्या जागांचा पुरवठा मर्यादित होता. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी बँका व कंपन्यांची मागणी वाढली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील कार्यालयीन भाडी जगातील सर्वाधिक भाड्यांमध्ये गणली जाऊ लागली. ही तेजी टिकली नाही. मागणी मंदावली, कंपन्या उपनगरांकडे वळल्या आणि दशकाच्या उत्तरार्धात भाडी घसरली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने विकसित केलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात पुढे राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी व अनेक बँकांची मुख्यालये आली.

मध्य मुंबईतील बदल कापड उद्योगाच्या ऱ्हासाशी निगडित आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात विभागण्याची तरतूद केली. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी लोअर परळ परिसरात मॉल व कार्यालयीन इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या, तर सार्वजनिक वापरासाठी व कामगारांच्या घरांसाठी मिळणारी जमीन बरीच कमी झाली.

२००५ मध्ये बांधकाम विकास क्षेत्रात थेट परकीय गुंतवणुकीचे नियम शिथिल झाल्यावर किमती वेगाने वाढल्या. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळल्यानंतर परकीय भांडवलाचा ओघ आटला व वित्तसंस्थांनी विस्तार थांबविला. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला. तरीही भाडी घसरली. भाडेकरूंची मागणीच घटली असल्यास स्वस्त कर्ज पुरेसे ठरत नाही, हे या काळात दिसून आले.

कोविड-१९ च्या साथीत रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. परंतु घरून काम करण्याच्या पद्धतीमुळे कार्यालयांची आणि टाळेबंदीमुळे मॉलची मागणी घटली. गोदामांना मात्र ऑनलाइन खरेदीचा लाभ झाला. मुंबईची जकात टाळण्याच्या सोयीमुळे वाढलेल्या भिवंडीच्या गोदाम क्षेत्रात २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर मोठ्या, एकत्रित गोदामांची मागणी आधीच वाढू लागली होती. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांपर्यंत वाढला. मात्र कर्मचारी कार्यालयात परतू लागल्याने याच काळात जागांची मागणी सावरली.

कायदेशीर चौकट

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ मुळे जुन्या मिळकतींची भाडी गोठली आणि पागडीची पद्धत रूढ झाली. भाडेकरूला हटविणे कठीण असल्याने मालक मोठी अनामत रक्कम घेऊन लिव्ह अँड लायसन्स करार करीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळले. त्यामुळे मोठ्या भाडेकरूंच्या जागांना बाजारभावाने भाडे मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

रीट

स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, अर्थात रीट, यांचे नियम सेबीने २०१४ मध्ये लागू केले. एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातील पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. ऐरोलीसह मुंबई प्रदेशात मिळकती असलेला माइंडस्पेस ऑगस्ट २०२० मध्ये नोंदला गेला. रीटला किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या मिळकतींत ठेवावी लागते आणि वितरणयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के वाटावी लागते. यामुळे लहान गुंतवणूकदारांना संपूर्ण गाळा न घेता या क्षेत्रात सहभाग घेता येतो. गाळा विकण्यास कित्येक महिने लागू शकतात, तर रीटचे युनिट बाजारात विकता येते. मात्र व्याजदर व मागणीतील बदल युनिटच्या किमतीत दररोज उमटतात.