कचरा प्रकल्पाची इमारत देखणी कशाला हवी? नांदेड-लातूरच्या संदर्भात समजून घ्या पत्र्याचे गणित

घंटागाडी दारातून पुढे गेली की शहरातल्या माणसाचा कचऱ्याशी संबंध संपतो. नांदेडचा कचरा तुप्पा परिसरात जातो, लातूरचा वरवंटी परिसरात. कचरा डेपोच्या शेजारी राहणाऱ्यांचा संबंध मात्र तिथून सुरू होतो. वास, माश्या, उडणाऱ्या पिशव्या आणि उन्हाळ्यात पेटणारे ढीग त्यांच्या वाट्याला येतात. अशा ठिकाणी इमारतीच्या देखणेपणावर पैसे खर्च करणे ही चैन वाटेल. पण जगातल्या काही शहरांनी ते केले आहे, आणि त्यासाठी धातूचे पत्रे वापरले आहेत. त्यातून मराठवाड्याने काय घ्यावे?

जगात असे प्रकल्प कुठे आहेत?

सुरुवातीचे ठळक उदाहरण व्हिएन्नाचे. तिथल्या श्पिटेलाऊ प्रकल्पाला १९८७ मध्ये आग लागली. तो पुन्हा उभारताना हुंडर्टवासर या चित्रकाराने त्याला रंगीत रूप दिले. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डे येथे २०१४ मध्ये उभा राहिलेला प्रकल्प भोकांच्या ॲल्युमिनियम पत्र्यांनी वेढलेला आहे. रात्री आतला प्रकाश त्या भोकांतून दिसतो. कोपनहेगनचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. त्याची दर्शनी बाजू ॲल्युमिनियमच्या मोठ्या ठोकळ्यांची आहे, तर छतावर २०१९ पासून लोक स्कीइंग करतात. हे प्रकल्प वस्तीजवळ असल्याने त्यांना लपवणे शक्य नव्हते. म्हणून ते उघडपणे शहराचा भाग केले गेले.

तेच इथे करता येईल का?

जसेच्या तसे नाही. हे तिन्ही प्रकल्प कचरा जाळून वीज किंवा उष्णता तयार करतात. आपल्या कचऱ्यात भाजीपाला, उष्टे, फळांच्या साली यांचे प्रमाण मोठे असते. असा ओला कचरा जळायला जड जातो. त्यामुळे आपल्या मध्यम शहरांत मुख्य काम वर्गीकरण, खत आणि बायोगॅस यांचे आहे. त्याला उंच चिमणी लागत नाही. लागते ती लांब, रुंद आणि मध्ये खांब नसलेली शेड, म्हणजे ट्रक आणि लोडर मोकळे फिरू शकतील. अशा इमारतीचे रूप छतावर आणि भिंतींच्या पत्र्यावर ठरते.

पत्राच का?

पहिले कारण वजन. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण ४ ते ५ किलो भरतो; नऊ इंची विटांची भिंत ४०० किलोहून अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. छत हलके असेल तर भूकंपात इमारतीवर येणारा जोर कमी होतो.

हलकेपणाची दुसरी बाजू मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, म्हणून घरांवर दगड ठेवले जातात. मोठ्या शेडमध्ये दगड चालत नाहीत. तिथे स्क्रूमधले अंतर, कडांची पकड आणि वाऱ्याचा हिशेब नकाशातच ठरवावा लागतो.

पत्रा गंजत नाही का?

गंजतो, आणि कचऱ्याच्या शेडमध्ये जास्तच. कुजणाऱ्या कचऱ्यातून वाफ, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि सेंद्रिय आम्ले निघतात. पत्र्यावरचा जस्ताचा थर आम्लालाही टिकत नाही आणि अमोनियासारख्या क्षारधर्मी वायूलाही. त्यामुळे गोदामासाठी योग्य असलेला पत्रा खताच्या शेडला चालेलच असे नाही. आतल्या बाजूलाही चांगल्या रंगाचा थर लागतो. कचऱ्याचा ढीग आणि लोडरचे धक्के पत्र्याला सोसत नाहीत, म्हणून भिंतीचा खालचा भाग काँक्रीटचा ठेवतात आणि पत्रा त्याच्या वर सुरू होतो.

ऊन आणि वासाचे काय?

मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की साध्या पत्र्याखाली उभे राहणे कठीण होते, आणि तिथे कचरा वेचणारे कामगार दिवसभर असतात. फिकट रंगाचे छत ऊन परतवते. आढ्याशी ठेवलेल्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. भिंतीबाहेर काही अंतरावर भोकांचा दुसरा पत्रा लावला तर सावली पडते, वारा येतो आणि पिशव्याही अडतात. रोस्किल्डेत रूप देणारा भोकांचा पत्रा इथे असे काम करू शकतो.

मात्र जिथे ताजा ओला कचरा उतरतो, तिथे भोके चालत नाहीत. तो भाग बंद ठेवून पंख्याने हवा आत ओढावी लागते. मग ती लाकडाच्या तुकड्यांच्या किंवा खताच्या थरातून गाळून सोडतात. त्या थरातले जिवाणू वास कमी करतात. म्हणजेच एकाच प्रकल्पाला दोन प्रकारच्या भिंती लागतात.

पावसाचा काय संबंध?

पाऊस कचऱ्यावर पडला की काळे, दूषित पाणी झिरपते आणि विहिरींपर्यंत पोहोचू शकते. छतामुळे हे पाणी खूप कमी होते. शिवाय १,००० चौरस मीटर छतावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८ लाख लिटर पाणी येते. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पन्हळी आणि टाकी सुरुवातीलाच आखली तर धुण्याला आणि झाडांना लागणारे बरेचसे पाणी त्यातून भागते.

मग देखणेपणाचा उपयोग काय?

चांगला पत्रा वाईट व्यवस्थापन झाकू शकतो, हा धोका खरा आहे. म्हणून जपानमधल्या हिरोशिमाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. योशिओ तानिगुची यांनी तिथल्या नाका प्रकल्पातून काचेची वाट काढली आहे. त्या वाटेने कोणीही चालत जाऊन यंत्रे पाहू शकतो. लोक रोज आत डोकावतात अशा जागी गलथानपणा फार काळ लपत नाही.

नवा प्रकल्प येणार असेल तर त्याच्या चित्रातल्या रंगांपेक्षा नकाशावर चार गोष्टी शोधाव्यात: कचरा उतरवण्याची जागा बंद आहे का, आतली हवा कुठे गाळली जाते, छताचे पाणी कुठे जाते आणि गावकऱ्यांना आत पाहण्यासाठी खिडकी कुठे आहे. यांची उत्तरे असतील, तर वर लावलेल्या पत्र्याच्या रंगाला आणि वळणाला शेजारच्या गावातही कोणी चैन म्हणणार नाही.