मुरबाड रोड कुठे जातो?

कल्याण स्टेशनबाहेर कोणालाही मुरबाड रोड विचारला, तर तो लगेच बोट दाखवील. पण हा रस्ता पुढे कुठे जातो असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर मुरबाडला, फार तर माळशेज घाटात संपते. पावसाळ्यात धबधबे पाहायला गेलेली आपली मंडळी तेथूनच परत फिरतात. रस्ता मात्र परत फिरत नाही. महाराष्ट्राचे सात जिल्हे ओलांडून तो थेट तेलंगणातील निर्मल या गावी जातो. हे अंतर सुमारे 600 किलोमीटर आहे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 222 होता. 2010 साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो 61 झाला.

शहाडचा पूल, म्हारळ, रायते, मुरबाड, टोकावडे करीत हा रस्ता माळशेज चढतो आणि देशावर येतो. पुढे आळेफाटा, अहिल्यानगर (2024 पर्यंतचे अहमदनगर), पाथर्डी, माजलगाव अशी गावे लागतात. पाथरीच्या अलीकडे तो गोदावरी ओलांडतो आणि परभणी, वसमत, नांदेड, भोकरवरून राज्याची सीमा गाठतो. सीमेपलीकडचे मोठे गाव भैंसा. आमच्याकडे त्याला म्हैसा म्हणतात. त्यानंतर लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले निर्मल येते.

ही दिशा नवी नाही. याच रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट वर जाते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल त्या वाटेने जुन्नर आणि पैठणकडे जाई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण असल्याचे सांगतात. तेव्हा वाटेने माल जात होता, आज कामाच्या शोधात माणसे उतरतात. भोकर तालुक्यात दोन वर्षे पीक हातचे गेले, तेव्हा माझे वडीलही याच रस्त्याने कल्याणला आले आणि बांधकामावर लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच.

आता सीमेविषयी. 1948 पर्यंत नांदेड आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली. तोवर भैंसा आणि मुधोळ हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. तो काढून आदिलाबादला, म्हणजे आंध्र प्रदेशाला जोडला गेला. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. 2014 साली तेलंगण वेगळे झाले आणि 2016 साली निर्मल हा निराळा जिल्हा झाला. भैंसा येथे जन्मभर एकाच घरात राहिलेल्या वृद्धाने उंबरठा न ओलांडता हैदराबाद, आंध्र, तेलंगण अशी तीन राज्ये आणि नांदेड, आदिलाबाद, निर्मल असे तीन जिल्हे पाहिले! बाजारात मात्र मराठी, तेलुगू आणि उर्दू आजही शेजारी शेजारी बोलल्या जातात. सोयरिकीही सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात.

बोलण्याला आणि सोयरिकीला ही सीमा आडवी येत नाही. ती आडवी येते कागदाला. आपल्या राज्यात अनुसूचित जातीचा दाखला काढताना आपले कुटुंब 10 ऑगस्ट 1950 रोजी येथे राहत होते, याचा पुरावा मागतात. माझे आजोबा 1949 साली भैंसा येथील शाळेत दाखल झाले. त्यांची नोंद उर्दूत आहे. पुढे ते भोकरला स्थायिक झाले. पुराव्याच्या त्या तारखेला भैंसा नांदेड जिल्ह्यातच होते. पण आज मिळालेल्या उताऱ्यावर शिक्का तेलंगणाचा. "हा परराज्यातला पुरावा आहे," असे सांगून खिडकीवरून अर्ज परत करण्यात आला. त्या उताऱ्यासाठी वडिलांचे चार दिवसांचे खाडे झाले होते. आता 1956 च्या कायद्यातला संबंधित भाग जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत माझी शिष्यवृत्ती अडून राहिली आहे.

राज्यशास्त्राच्या पुस्तकात राज्यपुनर्रचना एका प्रकरणात आटोपते. आमच्या घरात ती अजून चालू आहे, आणि या रस्त्याने आलेल्या आणखी किती घरांत चालू असेल! ज्या गावांचे जिल्हे 1956 साली बदलले, त्यांची यादी प्रत्येक दाखल्याच्या खिडकीवर ठेवणे काही अवघड नाही. कायद्यात त्या भागांची नावे स्पष्ट छापलेली आहेत. मित्रहो, उद्या आपल्यापैकी काही जण स्पर्धा परीक्षा देऊन अशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसतील. तेव्हा समोरच्या कागदावर शिक्का कोणत्या राज्याचा एवढेच न पाहता, त्या तारखेला ते गाव कोणत्या जिल्ह्यात होते, हेही त्यांनी पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.